फक्त देठ

४ मार्च

ताई,

नुसतं 'ताई' लिहिलंय. आधी 'प्रिय' जोडायला हात वळला नाही. समेट करायला लिहीत नाहीये, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तू उगाच चष्मा पुसून बसायला नको. एक प्रश्न पडलाय, आणि त्याचं उत्तर देऊ शकेल अशी माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस. नाइलाज आहे.

प्रश्न असा की, उचकी येते कुठून?

लोक म्हणतात, उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय. मला गेल्या महिन्यात लागली ती थांबेचना. जागेपणी उचकी, झोपेत उचकी. हे म्हणाले, "कुणीतरी अगदी हात धुऊन मागे लागलंय तुझ्या." मला वाटलं, ताई असेल. मग म्हटलं, छे! तिला मेलेल्या माणसांतून सवड मिळेल तेव्हा ना. (कॉलेजात शरीररचना शिकवतेस म्हणून म्हणते, राग मानू नकोस. किंवा मान.)

झालं असं. कॅन्टीनमध्ये दुपारच्या सुपाचं पातेलं उतरवत होते आणि सगळी खोली गरकन फिरली. भडाभडा ओकले. डाव्या अंगाला अशी कलले की भांड्यांच्या मांडणीवर जाऊन आदळले. कारखान्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथे फोटोबिटो काढून डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी तुंबली. वरचा मोठा मेंदू ठणठणीत आहे. तुंबली ती खाली, मान सुरू होते तिथे, डाव्या बाजूला. त्या भागाचं नाव त्यांनी सांगितलं. ब्रेनस्टेम.

हा शब्द मी आधी एकदाच ऐकला होता, तुझ्या तोंडून. कुठे आणि कधी, ते तुलाही आठवत असेल. तेव्हापासून माझ्यापुरता मी त्याला देठ म्हणते. स्वयंपाकघरात आम्ही पहिल्यांदा देठच कापून टाकतो.

हातपाय चालतात. डोकं जागेवर आहे, जीभ तर आहेच. पण दोन गोष्टी गेल्या. एक आवाज. फोनवर बोलले तर तुला वाटेल कुणी पत्रा ओढतंय, म्हणून हा कागद. आणि दुसरं, ताई, मला गिळता येत नाही. पाणी नाही, काही नाही, स्वतःची थुंकीसुद्धा वाटीत टाकते. नाकातून नळी घातलीय, तिच्यातून हे पिचकारीने दूध ढकलतात. अडीचशे माणसांचं जेवण करणारी बाई मी! हे बिचारे पाव खायला जिन्यात जाऊन उभे राहतात, मला दिसू नये म्हणून. वास येतोच.

एप्रिलच्या मध्याला तपासणी आहे. तोवर गिळायला लागले तर ठीक, नाहीतर पोटाला भोक पाडून तिथून नळी बसवणार, कदाचित कायमची. ते भोक मला नको आहे.

उचकीचं तेवढं कळव.

खाली काय लिहून सही करायची ते सुचत नाही, म्हणून सोडून देते.


१२ मार्च

ताई,

पत्र आलं. माझी विचारपूस दीड ओळ, उचकीवर दोन पानं आणि सोबत एक रंगीत चित्र. अगदी तूच आहेस, बदलली नाहीस.

चित्र मात्र झकास आहे. ह्यांनी ते फ्रिजवर चिकटवलंय. देठाला तीन मजले असतात हे मला काय माहीत! वरच्या मजल्यावर डोळ्यांचा कारभार, उजेड पडला की बाहुली बारीक करायची, आवाज झाला की नजर तिकडे वळवायची. मधल्याला तू 'सेतू' लिहिलंयस, तिथे चेहरा, चावणं, पापणी मिटणं. आणि तळमजल्यावर श्वास, हृदय, खोकला, ओकारी, उचकी, गिळणं. तिन्ही मजल्यांतून एक जाळं गेलंय, ते आपल्याला जागं ठेवतं. हे एवढं सगळं म्हणे अंगठ्याएवढ्या जागेत.

मी माझा अंगठा बराच वेळ पाहत बसले. एवढ्याशा जागेत आमच्या कॅन्टीनचं मीठ ठेवायची सोय होणार नाही.

ह्यांना तर नवीन खेळच मिळालाय. मी पेपर वाचत असले की मागून येऊन टाळी वाजवतात आणि विचारतात, "वळली का नजर? वरचा मजला चालू आहे ना?" परवा मी लाटणं फेकून मारलं. नेम चुकला. अजून डावीकडे झोक जातो.

तू लिहिलंस की तुंबलेल्या जागेच्या शेजारीच ओकारीची आणि उचकीची ठाणी आहेत, म्हणून ती दोन्ही पिसाळली. पटलं. म्हणजे कुणी आठवण काढत नव्हतं तर. ठीक आहे.

आता दुसरा प्रश्न. हा तू पुस्तकात वाचला असशील, पण मी बादलीत पाहिलाय. आंघोळीचं पाणी आलं. मी नेहमीसारखा उजवा हात घातला. ओलं लागलं, बोटं हलवली तर पाणी हललेलं कळलं, पण गरम की गार, काही पत्ता नाही. म्हटलं गार असेल. डावा हात घातला तर चटका बसून बोंबललेच! मग मला चेवच आला. फ्रिजमधून बर्फ आणला आणि अंगभर फिरवत बसले. उजवा पाय, उजवं पोट, उजवा दंड, कुठेच गारवा नाही. डावीकडे सगळीकडे आहे. म्हटलं, चला, उजवी बाजू गेली. मग बर्फ गालाला लावला. आणि इथे सगळं उलटं! उजव्या गालाला गार लागतं, डाव्याला लागत नाही.

मानेच्या खाली उजवं, मानेच्या वर डावं. हा काय प्रकार आहे? माझं डोकं कुणी उलटं बसवलंय का? हे बाहेरून विचारत होते, "अगं एवढा वेळ काय करतेस आत?" त्यांना काय सांगणार, बर्फ लावून घेतेय म्हणून!

चुलीसमोर आता उजव्या हाताचा भरवसा धरता येणार नाही. ह्याचं हसू येत नाही मला. पण का होतं ते सांग.


२१ मार्च

ताई,

तुझं उत्तर मी ह्यांना मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. मला कळलं ते असं. अंगाकडून गरम-गारची खबर आणणाऱ्या तारा पाठीच्या कण्यात शिरल्या शिरल्या रस्ता ओलांडतात आणि पलीकडच्या बाजूने वर चढतात. चेहऱ्याच्या तारा मात्र आपल्याच बाजूने देठात खाली उतरतात आणि मग रस्ता ओलांडतात. माझी डावीकडची इजा बरोबर अशा ठिकाणी झाली की तिथे उजव्या अंगाच्या तारा ओलांडून आलेल्या होत्या आणि डाव्या गालाच्या अजून ओलांडायच्या होत्या. दोन्ही एकाच खड्ड्यात पडल्या.

काय बाई रचना आहे! हे रस्ते आखले कुणी, आणि कशासाठी? तू लिहितेस, "कशासाठी ते नक्की कुणाला माहीत नाही." तुझ्या अक्षरात हे वाक्य वाचून गंमत वाटली.

गिळणबाईंनाही हे सांगितलं. दवाखान्यात गिळायचे व्यायाम शिकवतात त्यांना मी गिळणबाई म्हणते, त्यांना ठाऊक आहे, हसतात. तरुण आहेत पण खमक्या. जीभ अशी लाव, हुंकार असा दे, चमचाभर गार पाणी तोंडात धर. त्यांनीच सांगितलं की घास जिभेने मागे ढकलेपर्यंत काम आपलं. एकदा तो पडजिभेच्या पलीकडे गेला की पुढचं सगळं देठ करतो, आणि एका सेकंदाच्या आत. श्वास थांबवतो, श्वासाचं दार लावतो, गळ्याची घाटी वर उचलतो, अन्ननळी उघडतो. आपण मध्ये पडायचं म्हटलं तरी पडता येत नाही. माझी ढकलायची तयारी आहे, पलीकडे घ्यायला कुणी नाही.

आता खरा प्रश्न. आधीचे सगळे प्रश्न त्याच्यासाठीच चालले होते, तुला कळलंच असेल.

आई माझ्याकडे पडून होती. डोक्यात एवढा रक्तस्राव झाला होता की वरच्या मेंदूत काही राहिलं नाही, असं तुम्ही सगळे शिकलेले म्हणत होता. पण ती डोळे उघडायची. मिटायची. जांभई द्यायची. आणि मी चमच्याने पाणी दिलं की गिळायची. मावशी बसली होती, मामा बसले होते, आणि मी म्हटलं, "बघा, माझ्या हातचं कसं घेते." तू दारात उभी होतीस. पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हतीस. म्हणालीस, "ती तुझ्यासाठी गिळत नाहीये. तो फक्त ब्रेनस्टेम आहे."

मावशीने तोंडाला पदर लावला. माझ्या हातात चमचा तसाच राहिला. त्यानंतर मी तुझ्याशी बोलले नाही, आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. तुझं खरं असेल, पण ते तिथे, तेव्हा, तसं बोलायचं नव्हतं.

आता माझं बघ. आईच्या उलट झालंय. तिचं वरचं सगळं गेलं होतं, देठ राहिला होता. माझं वरचं सगळं शाबूत आहे. भूक आहे, आठवण आहे, हट्ट आहे, लोण्याचा वास कळतो. साठ वर्षांचं अख्खं घर वर भरलेलं आहे आणि चमचाभर पाणी खाली उतरत नाही, कारण अंगठ्याएवढ्या देठातला नखाएवढा तुकडा बंद पडलाय. मग त्यात 'फक्त' कुठे आहे, ताई? तू हा शब्द कुठून काढलास?

आणि दुसरं. ढकलायचं काम आपलं, पुढचं देठाचं. मग आईच्या तोंडातलं पाणी मागे ढकललं कुणी?

ह्याचं उत्तर चित्र काढून देऊ नकोस.


३० मार्च

ताई,

चित्रच पाठवलंस ना शेवटी!

वर एक ओळ, "आईबद्दलचं पत्रात लिहिण्यासारखं नाही." मग कशात लिहिण्यासारखं असतं? पाटीवर? मी पत्र फाडणार होते. ह्यांनी हातातून काढून घेतलं, म्हणाले, "अगं निदान खालचं तरी बघ, तुझ्या कामाचं आहे."

खाली एक चेहरा आहे, घसा उघडून दाखवलेला, आणि एक जाड बाण. "गिळताना मान याप्रमाणे वळव, हनुवटी जरा खाली. याने पाणी चांगल्या बाजूने उतरेल." बाण उजवीकडे.

गंमत अशी की गिळणबाई मला गेल्या वेळी सांगत होत्या की मान डावीकडे वळवायची. मला तेव्हाच ते विचित्र वाटलं होतं. घसा लंगडा डावीकडचा, तर लंगड्या बाजूकडे कशाला वळायचं? चांगल्या बाजूकडे वळावं. तुझा बाण पाहिला आणि डोक्यात उजेड पडला. गिळणबाईंना चित्र दाखवलं नाही. त्यांचा उगाच अपमान कशाला? तू चाळीस वर्षं शिकवतेयस, त्या कालच्या.

बघ, तुझ्यावर एवढी चिडलेय, आणि तरी मान कुठे वळवायची म्हटल्यावर तुझंच ऐकलं. ह्याचा मला माझाच राग येतोय.

रोज सकाळी चमचाभर पाण्याचा सराव करायची परवानगी आहे. उद्यापासून उजवीकडे.


८ एप्रिल

ताई! ताई! ताई!

हे दवाखान्यातून लिहितेय. तीन दिवस ताप होता, छातीत कफ, सुया टोचून टोचून दंडाची चाळण झालीय. पाणी श्वासनळीत गेलं. एकदा नाही, रोज थोडं थोडं, आणि खोकलासुद्धा धड आला नाही, कारण खोकल्याचं ठाणंही तिथेच, तळमजल्यावर.

गिळणबाईंनी विचारलं, "मान डावीकडे वळवत होतात ना?" मी म्हटलं, उजवीकडे. त्यांचा चेहराच उतरला. म्हणाल्या, "कुणी सांगितलं तुम्हाला?" मी ह्यांना घरी पिटाळलं, चित्र आणवलं, त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, प्रोफेसर बहिणीने.

त्यांनी पाहिलं. आधी हसू आलं त्यांना, मग त्यांनी ते आवरलं. म्हणाल्या, "अहो, चित्र बरोबर आहे. पण हे समोरून काढलंय. हा चेहरा तुमच्याकडे बघतोय, म्हणजे कागदाची उजवी ती त्याची डावी. शरीररचनेची माणसं अशीच काढतात. टेबलावरचा माणूस त्यांच्या समोर असतो ना."

कळलं का तुला काय केलंस ते? चाळीस वर्षं मेलेल्या माणसांकडे समोरून पाहिलंस आणि मलाही तिथेच झोपवलंस. मी तुझ्या टेबलावर नाहीये, ताई. मी कागद हातात धरून तुझ्याच बाजूला उभी होते. मला बाण उजवीकडे दिसला, मी उजवीकडे वळले. डोळे झाकून.

बाईंनी मग नीट समजावलं. लंगड्या बाजूकडे मान वळवली की ती बाजू दुमडून बंद होते, पाणी आपोआप चांगल्या बाजूने उतरतं. चांगल्या बाजूकडे वळवली की चांगलीच बंद, आणि सगळं लंगड्या बाजूने श्वासनळीत. इतकं साधं. तापात पडल्या पडल्यासुद्धा मला वाटलं, वा, काय युक्ती आहे! मग तुझा राग आला.

तपासणी पुढे ढकललीय, २५ तारखेला. डॉक्टर म्हणाले, ही शेवटची. ह्यातही जमलं नाही तर पोटाला भोक, कारण छाती पुन्हा असं सोसणार नाही. हे बाहेर जाऊन उभे राहिले. मला माहीत आहे जिन्यात ते पाव खायला गेले नव्हते.

मला भीती वाटतेय. हे तुला सांगणार नव्हते.

उत्तर पाठवू नकोस. चित्र तर मुळीच नको.


२९ एप्रिल

प्रिय ताई,

घातलं बाई एकदाचं. बरं दिसतंय.

तू पोचल्याचा निरोप आला. तुझी घोंगडी इथेच राहिलीय, आणि दाताचा ब्रश. हे म्हणतात मुद्दाम ठेवून गेली. मला पटत नाही, तू पहिल्यापासून विसराळू आहेस.

२५ तारखेला तू काचेपलीकडे होतीस, तपासणीच्या पडद्यासमोर, तुझ्या बाजूने पाहत होतीस. अलीकडे काय झालं ते तुला माहीत नाही. घरी आल्यावर दोनदा विचारलंस, मी विषय बदलला. आता लिहिते. पण आधीचंही लिहू दे, म्हणजे तुझ्याकडे राहील.

दार मी उघडलं. तू उभी, हातात एक बॅग, केस पार पांढरे. इतक्या वर्षांनी आलीस, मी म्हटलं आता काय बोलणार, रडणार का माफी मागणार. तू म्हणालीस, "डावीकडे. तुझी डावीकडे, माझी नाही." आणि बॅग खाली ठेवलीस. मला इतकं हसू आलं की उचकी लागली. तूही घाबरून हसायला लागलीस. हे आतून ओरडले, "कोण आलंय?" आणि दोघींपैकी कुणालाच सांगता येईना.

मग स्वयंपाकघरात बसलो. तू खुर्ची ओढलीस, माझ्या समोर ठेवलीस, थांबलीस, आणि उचलून माझ्या शेजारी लावलीस. दोघींची तोंडं खिडकीकडे. म्हणालीस, "आता आपली डावी एकच." ते मला फार बरं वाटलं. तेव्हा बोलले नाही.

तू माझ्या घाटीवर दोन बोटं ठेवलीस. चमचाभर पाणी, मान डावीकडे, हनुवटी खाली. नाही आलं. थुंकून टाकलं. परत. नाही आलं. पुन्हा. आणि चौथ्या का पाचव्या वेळी तुझी बोटं एकदम वर गेली आणि खाली आली. मला आधी तुझा चेहरा दिसला, मग कळलं की मी गिळलं. म्हणालीस, "वर आलं गं. वर आलं."

मी विचारलं, "हे बोटं ठेवून बघायचं कुठे शिकलीस? तुझे सगळे घसे तर गार."

तू चमचा पुसून वाटीत ठेवलास. मग म्हणालीस, "आईच्या."

मग सांगितलंस. आईला बघायला यायचीस तेव्हा, मी आंघोळीला गेले की तू तिच्याजवळ बसायचीस. चमचा द्यायचीस. बोटं ठेवायचीस. घाटी वर आली की म्हणायचीस, "शाब्बास आई." आणि त्या दिवशी तू दारात जे बोललीस ते माझ्यासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, कारण तुलाही वाटायला लागलं होतं की ती तुझ्यासाठी गिळते, आणि तुला ते परवडणारं नव्हतं. "मावशीसमोर बोलायला नको होतं," म्हणालीस. "तुझ्या हातात चमचा होता, तेव्हा तर मुळीच नको होतं."

मी म्हटलं, "मग माझ्या प्रश्नाचं उत्तर दे. मागे ढकललं कुणी?"

"चमचा जरा आत धरला तर पाणी आपोआप घरंगळतं. बहुतेक वेळा तसंच झालं असणार."

"आणि मी जिभेच्या टोकावर ठेवायचे तेव्हा?"

तू चष्मा काढलास. "मला माहीत नाही, ठिणगे," म्हणालीस. "खरंच माहीत नाही."

ठिणगी! हे नाव कुणी शेवटचं कधी घेतलं होतं कोण जाणे. आणि तुझ्या तोंडून 'माहीत नाही', तेही कागदावर नाही, समोरासमोर. म्हणजे शेजारी बसून. मला त्याच्यापुढे काही विचारायचं राहिलं नाही. तेवढंच हवं होतं मला, इतकी वर्षं. त्या दिवशी तू दारातून आत येऊन तेवढं म्हणाली असतीस तरी चाललं असतं.

आता २५ तारीख.

मला त्या एक्स-रेच्या यंत्राच्या खुर्चीत बसवलं. काचेपलीकडे तू, डॉक्टर आणि पडदा. पांढरं खडूसारखं पाणी चमच्यात. गिळणबाईंनी चमचा पुढे केला आणि माझ्या तोंडचं पाणीच पळालं. म्हटलं, हे भोक आता पोटात पडणार, चुकत नाही. मान डावीकडे वळवली, आणि डावीकडे तू होतीस. काच तिकडेच होती, मला आधी माहीत नव्हतं. तू माझ्याकडे बघतच नव्हतीस. पडद्याकडे बघत होतीस, नाक जवळजवळ टेकवून. दोन बोटं हवेत धरली होतीस, समोर कुणाचा घसा असावा तशी.

मी ढकललं. एवढंच माझ्या हातात होतं, ते मी केलं. पुढे काय झालं ते मला कळलंच नाही, नुसता गळ्यात एक हिसका.

मग तुझी बोटं वर गेली.

तू रडलीस ते मी पाहिलं. डॉक्टरांनी तुला खुर्ची दिली तेही पाहिलं. नंतर तू सांगितलंस की जिवंत माणूस गिळताना आतून कसा दिसतो ते तू पहिल्यांदाच पाहत होतीस. पापणी लवायच्या आत दार लागतं, घाटी वर उचलली जाते, नळी उघडते, आणि पांढरी रेघ चांगल्या बाजूने सरळ खाली. "मी हे चाळीस वर्षं शिकवलं," म्हणालीस, "आणि हे इतकं सुंदर असतं ते मला कुणी सांगितलंच नव्हतं."

गिळणबाई आनंदाने मला म्हणाल्या, "बघा! बहीण आली आणि गिळलंत!"

मी काहीतरी बोलले आणि त्या हसल्या. काचेतून तुला ओठ हललेले दिसले. तेच तू विचारत होतीस ना? मी म्हटलं, "छे हो, तिच्यासाठी नाही. फक्त देठ आहे."

पण मग त्यांनी विचारलं, आजच्यापुरतं बास का? मी नाही म्हणून मान हलवली, आणि दुसरा चमचा मागितला. तेव्हा तू पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघत होतीस. तो मी जिभेच्या टोकावर धरून ठेवला, चांगला थोडा वेळ, आणि मग तुझ्याकडे बघत मागे ढकलला.

नळी सोमवारी काढली. आज सकाळी पातळ सूप घेतलं, अर्धी वाटी. चव डाव्या हाताने वाटी धरून पाहिली, म्हणजे चटका बसला तर कळावा. मीठ कमी होतं. हे शेजारी बसून पाव खात होते.

तुझी,
ठिणगी